विसार देण्याआधी वकील

पलूसच्या दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखत नोंदवायला फारसा वेळ लागत नाही. नंबर आला की लिहून देणारा आणि लिहून घेणारा संगणकासमोर बसतात, फोटो निघतो, अंगठा उमटतो, ओळखीचे साक्षीदार सह्या करतात आणि दस्ताला क्रमांक पडतो. बाहेर आल्यावर पेढे वाटले जातात. एवढ्या वेळात सरकारने काय तपासलं? मुद्रांक शुल्क बरोबर भरलंय का, समोरची माणसं तीच आहेत का, सही केल्याचं ती कबूल करतात का आणि कायद्याने मनाई केलेला व्यवहार तर नाही ना, इतकंच. लिहून देणारा त्या घराचा खरोखर मालक आहे का, हे ठरवणं निबंधकाचं काम नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याने दस्ताची नोंद होते, मालकीची होत नाही. तमिळनाडूच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. मालकीचा पुरावा आणला नाही म्हणून निबंधकाला दस्त नाकारता येत नाही. आणि ज्याला हक्कच नाही त्याने लिहून दिलेला दस्त नोंदला गेला, तरी घेणाऱ्याच्या पदरात हक्क पडत नाही.

इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे बहुतेक मिळकती सरकारी नोंदवहीत मालकासह नोंदलेल्या आहेत आणि त्या नोंदीची हमी सरकार घेते. नोंद चुकून कुणाचं नुकसान झालं तर भरपाई मिळण्याची सोय आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये अशीच हमीची पद्धत आणली. आपल्याकडे मालकी ही गृहीत धरलेली गोष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ सांगतं की सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. ‘उलट सिद्ध होईपर्यंत’ या तीन शब्दांत कोर्टातली कितीतरी वर्षं दडलेली असतात. सरकार हमी देत नाही म्हटल्यावर घर घेणाऱ्याच्या बाजूने मालकी तपासणारा एकच माणूस उरतो, त्याचा वकील. आणि नेमका तोच माणूस आपल्याकडे सगळ्यात शेवटी बोलावला जातो.

मुंबईत या कामासाठी सॉलिसिटर असतात. १८९४ साली स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी त्यांची परीक्षा घेते, आणि इमारतीच्या जागेबद्दल सॉलिसिटरचं प्रमाणपत्र मागायचं असतं हे तिथल्या फ्लॅट घेणाऱ्यालाही ठाऊक असतं. पलूस, कुंडल, भिलवडीच्या बाजूला घर किंवा प्लॉट घ्यायचा तर माणूस आधी एजंटाकडे जातो, मग दस्तलेखकाकडे. दस्तलेखकाचं काम मोठ्या कसबाचं आहे. मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, क्षेत्र, आकार, हमीची कलमं तो बिनचूक लिहितो. पण दोन्ही पक्ष सांगतात तेच तो लिहितो. पूर्वेला जो रस्ता लिहिला तो सरकारी आहे की शेजाऱ्याच्या मालकीतला, हे त्याने शोधावं अशी अपेक्षा नसते आणि त्याची फीही तेवढ्यासाठी नसते. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे कागद स्वच्छ, असंही अनेकजण धरून चालतात. बँकेच्या पॅनेलवरचा वकील बँकेसाठी सर्च करतो. कर्जाची रक्कम सुरक्षित आहे का एवढं तो पाहतो, आणि कर्जाला दुसरी मिळकतही तारण असेल तर तुमच्या जोखमीची त्याला तुमच्याइतकी चिंता नसते. म्हणून स्वतःचा वकील हवा, देणाऱ्याचा वकील ‘दोघांचं एकत्र करून देतो’ म्हणत असला तरी. दोन पक्षांचं हित जिथे वेगळं आहे तिथे एकच माणूस दोघांना सल्ला देऊ लागला, तर एकाचं नुकसान ठरलेलं असतं.

वकील पहिलं काम करतो ते सर्चचं. साधारण तीस वर्षांच्या नोंदी पाहायच्या, असा प्रघात आहे. तीसच का? १९६३ च्या मुदत कायद्यात गहाण सोडवून घेण्याच्या दाव्याला आणि सरकारच्या दाव्यांना तीस वर्षांची मुदत आहे, आणि तीस वर्षांपूर्वीचा दस्त योग्य माणसाच्या ताब्यातून आला तर त्यावरची सही खरी मानण्याची मुभा पुराव्याच्या कायद्याने दिली आहे. म्हणजे तीस वर्षं मागे गेलं की बहुतेक जुने दावे थकलेले असतात. बहुतेक म्हणतोय, सगळे नव्हे. भाऊबंदांतली वाटणी राहिली असेल तर तीस वर्षांचा हिशोब पुरत नाही. ज्या पिढीत मिळकत शेवटची एकत्र होती तिथपर्यंत मागे जावं लागतं.

पलूसमध्ये या तीस वर्षांना आणखी एक वळण आहे. पलूस तालुका १९९९ साली झाला. त्याआधी हा भाग तासगाव तालुक्यात होता. त्यामुळे नोंदणीचे १९९९ च्या मागचे कागद पाहायचे तर तासगावची वाट धरावी लागते. सर्च रिपोर्ट हाती आला की तो कुठल्या कार्यालयांत, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत पाहिला आणि शोधाचं चलन जोडलंय का, हे आधी बघावं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर अलीकडच्या दोन दशकांतली नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक २ घरबसल्या दिसते, आणि तेवढंच पाहून ‘तीस वर्षांचा सर्च’ लिहिलेले अहवाल फिरतात. जुन्या वर्षांची हाताने लिहिलेली सूचीपुस्तकं प्रत्यक्ष चाळायला माणूस पाठवावा लागतो, त्याला वेळ लागतो. पुस्तक जीर्ण होतं, पानं फाटलेली होती, असं अहवालात लिहिलं असेल तर ते वाक्य वाचून पुढे जाऊ नका, त्या वर्षांसाठी दुसरा कोणता पुरावा पाहिला ते विचारा.

त्याही मागे गेलं तर कागदांची नावंच बदलतात. १९४९ ते १९६० या काळातल्या दस्तांवर जिल्हा ‘दक्षिण सातारा’ असतो. सांगली हे नाव १९६० मध्ये आलं. कुंडल हे औंध संस्थानातलं गाव. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना काढला तो औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर, तेव्हाच्या कुंडल रोड स्टेशनाजवळ. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं. अशा गावांतल्या जुन्या वाड्यांचे कागद संस्थानी आणि कधी मोडीतले निघतात. मोडीचं लिप्यंतर जाणकाराकडून करून घेणं हा सर्चचाच भाग धरावा.

आता एका उताऱ्याजवळ थोडं थांबू. समजा, पलूसच्या हद्दीत तीन गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट आहे, त्यावर बैठं घर आहे, आणि सातबाऱ्यावर एकाच माणसाचं नाव आहे. घेणाऱ्याला वाटतं, एकच नाव म्हणजे झगडा नाही. वकील सातबाऱ्यावरच्या गोलातले फेरफार क्रमांक टिपतो आणि एकेक फेरफार काढून वाचायला लागतो. सर्वात जुन्या फेरफारात आजोबा १९७८ मध्ये वारले आणि थोरल्या मुलाचं नाव लागलं, नावापुढे लिहिलंय ‘ए.कु.मॅ.’. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव एकाचं, पण हक्क सगळ्या भावांचा. पुढच्या फेरफारात एक भाऊ वारला, त्याच्या लहान मुलाचं नाव लागलं, पुढे ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञानाची पालनकर्ती आई. अज्ञान मुलाचा हिस्सा आईने कोर्टाच्या परवानगीशिवाय विकला असेल, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत तो मुलगा ती विक्री रद्द करून मागू शकतो. त्यानंतर १९९६ चा वाटणीचा फेरफार. भावांनी आपसांत वाटणी केली, तलाठ्याकडे वर्दी दिली, आणि बहिणींबद्दल एक ओळ: ‘बहिणींनी हक्क सोडला, जबाब घेतला.’

ही एक ओळ मी सगळ्यांत घातक मानतो. आपल्या भागात अशा ओळी असंख्य फेरफारांत आहेत. स्थावर मिळकतीतला हक्क नोंदलेल्या हक्कसोडपत्राशिवाय सुटत नाही. तलाठ्यापुढच्या जबाबाने तो सुटत नाही. आजोबा वारले तेव्हा १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू होता, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलींचा वाटा तेव्हाही होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद केलं, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची अटही गेली. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे आणि २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही असं ठरवलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटणी कायद्याने अबाधित ठेवली आहे, पण ती नोंदलेली किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली हवी. तोंडी वाटणी सहजासहजी मानली जाणार नाही. आपल्या उदाहरणातली १९९६ ची वर्दी या कसोटीला कितपत उतरेल, हे कोर्टातच ठरेल. घेणाऱ्याने कोर्टात का जावं? वकील म्हणेल, बहिणींना, त्या हयात नसतील तर त्यांच्या मुलांना, खरेदीखतात संमती देणार म्हणून नव्हे, लिहून देणार म्हणून घ्या, किंवा आधी नोंदलेलं हक्कसोडपत्र करून आणा. जवळच्या नात्यात मोबदला न घेता वडिलोपार्जित हक्क सोडला तर मुद्रांक नाममात्र असतो. अडचण पैशांची नसते. मामाच्या घरी भाचरांना बोलवायचं आणि सही मागायची, ही अडचण असते. ती देणाऱ्याने सोडवायची आहे, घेणाऱ्याने नाही, आणि व्यवहार ठरण्याच्या आधी.

देणाऱ्यालाही वकील हवा तो याच कारणासाठी. आपलं घर विकायला काढण्याआधी त्याने स्वतःच्या कागदांची तपासणी करून घेतली, मयतांची वारसनोंद लावून घेतली, तर गिऱ्हाईक पुढ्यात बसलेलं असताना धावपळ होत नाही आणि भावही पडत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यातला विकास सोसायटीचा किंवा पाणीपुरवठा संस्थेचा बोजा कर्ज फिटून वर्षं लोटली तरी तसाच राहिलेला असतो, कारण कमी करण्यासाठी कुणी अर्जच दिलेला नसतो. संस्थेचा दाखला आणून तो उतरवून घ्यावा. बँकेकडच्या गहाणासाठी सातबाऱ्यावर विसंबू नये; ‘सरसाई’ या केंद्रीय नोंदवहीत मिळकतीचा शोध घेता येतो.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ हे शब्द दिसले की थांबायचं. सांगली जिल्ह्यात वारणा प्रकल्पग्रस्तांच्या वसाहती आहेत, इनाम-वतनाच्या जमिनी आहेत. अशी जागा विकायला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी आधी लागते. शेतजमिनीतले गुंठे हा तर वेगळाच विषय. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहेच. २०२३ मध्ये बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र ठरलं, २०२४ मध्ये जुने तुकडे नियमित करण्याचं शुल्क बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं, आणि २०२५ मध्ये नागरी भागातल्या जुन्या तुकड्यांसाठी शासनाने निर्बंध आणखी सैल केले. द्राक्षबागेच्या कडेचा दोन गुंठ्यांचा तुकडा कुणी ‘आता सगळं मोकळं झालंय’ म्हणून दाखवत असेल, तर त्या गटाला, त्या तारखेला नक्की कुठला नियम लागतो हे वकिलाकडून लेखी घ्यावं.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथे नगरपरिषदेचा किंवा ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा दाखवतात, त्यालाच लोक मालकीचा कागद समजतात. तो कर वसुलीचा कागद आहे. घरपट्टी कोण भरतं हे त्यावरून कळतं, घर कुणाचं आहे हे कळत नाही. सिटी सर्व्हे झाला असेल तिथे मिळकत पत्रिका मागावी. गावठाणांच्या ड्रोन मोजणीचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली, आणि आता अनेक गावांत सनदा व मिळकत पत्रिका तयार होत आहेत. पत्रिका नवी असेल तर तिच्यामागचे जुने कागदही पाहावेत: मूळ खरेदीखत, वाटणीपत्र, जुने कर उतारे.

खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगावकडचे आणि आपल्याकडचेही गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरले आहेत. घर पलूसला, एक भाऊ कोइमतूरला, दुसरा कोलकात्याला. मग विक्री वटमुखत्यारपत्रावर होते. ते खरं आहे का, कुठे नोंदलंय, त्यात विकण्याचा आणि पैसे घेण्याचा अधिकार स्पष्ट दिलाय का, आणि लिहून देणारा आज हयात आहे का, या चारही गोष्टी वकील तपासतो. माणूस गेला की साधं मुखत्यारपत्रही संपतं. लिहून देणाऱ्या भावाला व्हिडिओ कॉलवर स्वतः विचारून घेण्यात कसला संकोच? नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि साठेखतावर घर ‘विकत’ घेणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सुरज लॅम्प निकालात सांगून टाकलंय की त्याने मालकी मिळत नाही.

हे सगळं विसार देण्याआधी व्हायला हवं, हाच माझा आग्रह आहे. आपल्याकडे उलट होतं. मुहूर्त पाहून पाच-दहा लाख हातावर ठेवले जातात, नोटरीकडे एक विसारपावती होते, आणि मग वकिलाला विचारलं जातं, ‘साहेब, कागद जरा बघून घ्या.’ त्या वेळी वकिलाने दोष काढला तरी घेणारा मागे फिरू शकत नाही, कारण पैसे अडकलेले असतात. विसार द्यायचाच असेल तर रक्कम लहान ठेवा, बँकेतून द्या, आणि पावतीत लिहून घ्या की सर्चमध्ये मालकीचा दोष निघाला आणि ठराविक दिवसांत दूर झाला नाही तर पूर्ण रक्कम परत मिळेल. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, हे घर विकणाऱ्यालाही सांगा. ताबा घेऊन बसायचं आणि खरेदीखत पुढे ढकलायचं, हाही रिवाज सोडायला हवा. २४ सप्टेंबर २००१ पासून ताब्यासह केलेलं साठेखत नोंदलेलं नसेल, तर त्या ताब्याच्या बचावासाठी कायद्याचा आधार मिळत नाही. पाचशेच्या स्टॅम्पवरचा नोटरीचा शिक्का हा आधार देऊ शकत नाही.

मधल्या काळात वकील वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो. ती सांगली जिल्ह्याच्या आवृत्तीत, लोक वाचतात अशा दैनिकात यावी. कोपऱ्यातल्या साप्ताहिकात दिलेली नोटीस फाइलपुरती असते. हरकत आली तर तिच्यावर देणाऱ्याचं उत्तर घेऊन, कागद पाहून निकाल लावायचा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर देणाऱ्याचं आणि त्याच्या भावांचं नाव घालून वाटणीचा किंवा मनाईचा दावा चालू आहे का हेही पाहता येतं. दावा चालू असताना घेतलेली मिळकत निकालाला बांधलेली असते, घेणाऱ्याला दावा माहीत असो वा नसो.

काही गोष्टी वकिलाच्या फाइलमध्ये येतच नाहीत, त्या आपणच पाहायच्या. भिलवडी, आमणापूरच्या बाजूला कृष्णाकाठी घर घेणाऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारावं, भिंतीवरच्या खुणा पाहाव्यात. जलसंपदा विभागाची निळी पूररेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर उद्या वरचा मजला चढवायलाही परवानगी मिळेलच असं नाही. मोजणी करून घ्यावी. सातबाऱ्यावर तीन गुंठे आणि जागेवर पावणेतीन, असं निघालं तर किंमत त्याच दिवशी बोलता येते.

फीबद्दल आधीच स्पष्ट बोला: सर्चची किती, मसुद्याची किती, कार्यालयात हजर राहण्याची किती. तोंडी ‘काही हरकत नाही’ यावर व्यवहार करू नका. सहीचा सर्च रिपोर्ट मागा, त्यात मालकीची साखळी वर्षावार हवी, आणि वकिलाचं मत स्पष्ट शब्दांत हवं. मसुदा घरी आणून दोनदा वाचा. नावाचं स्पेलिंग, गट नंबर, प्लॉट नंबर, चतुःसीमा, ताबा कधी दिला, बोजा निघाल्यास भरून कोण देणार. निवासी घर घरातल्या बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात एक टक्का सवलत २०२१ पासून आहे. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार. किंमत पन्नास लाख किंवा अधिक असेल तर घेणाऱ्याने एक टक्का आयकर कापून भरायचा असतो, आणि तो विसरला तर नोटीस घेणाऱ्याला येते.

खरेदीखत झाल्यावरही काम संपत नाही. फेरफार तयार होतो, हितसंबंधितांना नोटिसा निघतात, पंधरा दिवस हरकतीचे असतात, आणि मग मंडल अधिकारी नोंद मंजूर करतो. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, ‘होईल’ म्हणाला तरी फेरफार क्रमांक लिहून घ्यावा आणि नोंद प्रमाणित झाल्याचा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नये. घरपट्टीला नाव लावून घ्यावं, वीज जोडणी नावावर करून घ्यावी. आणि देणाऱ्याकडून त्याचं मूळ खरेदीखत, जुने फेरफार, बिगरशेतीचा हुकूम, बांधकाम परवाना, हे सगळं खरेदीखताच्या दिवशीच यादी करून, सही घेऊन ताब्यात घ्यावं. नंतर देणारा मुलाकडे पुण्याला गेलेला असतो आणि ट्रंकेची किल्ली कुणाकडे आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं.